आतून विचारणारं माणूस

आमच्याकडं गौर सरळ घरात येत नाही. तिला आधी दारात उभं करून विचारपूस होते.

भाद्रपदात गणपती बसले की दोन-तीन दिवसांनी गावातल्या बायका ओढ्यावर जातात. काठाला माजलेला तेरडा उपटतात, ओढ्याच्या पाण्यात धुतात आणि तांब्यात उभा करतात. ती आमची गौर. ती घेऊन बाई उंबऱ्याबाहेर थांबली की आतून घरातल्या कुणीतरी विचारायचं, "कोन आलंय?" बाहेरून सांगायचं, "गौर आली." "कशाच्या पावलांनी आली?" "गुराढोरांच्या पावलांनी आली." पुन्हा तोच प्रश्न. "धनधान्याच्या पावलांनी आली." पुन्हा प्रश्न. "लेकराबाळांच्या पावलांनी आली." चौथ्यांदा विचारलं की "हळदीकुंकवाच्या पावलांनी आली." मग आतल्या माणसानं म्हणायचं, "ये बाई, घर तुझंच हाय." तेव्हा कुठं तिचं पाऊल आत पडतं. तरी संपत नाही. मग तिला घरभर फिरवायचं, प्रत्येक खोलीत थांबून विचारायचं, "हितं काय हाय?" आणि उत्तर एकच, "भरलंय." धान्याची खोली, गोठा, माजघर, जिथं जाल तिथं "भरलंय."

थोडक्यात, या सणाला दोन माणसं लागतात. एक बाहेरून आणणारं आणि एक आतून विचारणारं. माझ्या घरात गेली पावणेदोन वर्षं एकच माणूस आहे.

मी कुणी मोठा देवभक्त नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढली. ऊस भरून आलेली गाडी काट्यावर घ्यायची, भरलेलं वजन लिहायचं. गाडी आत ऊस टाकून परत आली की तिचं रिकामं वजन लिहायचं. दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. नव्या माणसाला वाटतं, भरलेलं वजन तेवढं महत्त्वाचं. तसं नसतं. रिकामं वजन घेतल्याशिवाय गाडीत काय होतं ते कुणाच्या बापाला सांगता येत नाही. गाडीवाले घाईत असायचे. "सायेब, मागच्या खेपंचंच रिकामं धरा की," म्हणायचे. मी धरत नसे. शिव्या खाल्ल्या, एकदा कॉलरला हात गेला, पण अंदाजानं आकडा लिहिला नाही. गावात मला तोंडावर आप्पा म्हणतात आणि पाठीमागं 'काटा' म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि त्याचं काही वाईट वाटत नाही.

अशा माणसाला घरभर "भरलंय, भरलंय" ऐकून काय वाटत असेल, ते तुम्हीच बघा. बडा घर पोकळ वासा, असं मी म्हणायचो.

माझी बायको कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली. शहरात वाढलेली, घाटावरून वाजतगाजत गौर आणणारी. लग्नानंतरच्या पहिल्या भाद्रपदात ती दारात तांब्या घेऊन उभी राहिली आणि आतून माझ्या आईनं "कोन आलंय?" म्हणून विचारलं, तेव्हा ती घाबरून म्हणाली, "मीच हाय, आत्ती." आईचा आवाज तसाच होता. तिनं पुढच्या सोप्यातून विचारलं की गल्लीच्या टोकाला जाणारा पावणा थांबून आपलं नाव सांगायचा. त्या दिवशी सगळी गल्ली हसली आणि नवी नवरी रडली. पण पुढच्या वर्षापर्यंत तिनं सगळं पाठ केलं होतं. नंतर नंतर तर तिच्याइतकं ठासून कुणी सांगत नसे. "गुराढोरांच्या पावलांनी आली!" असं ती म्हणाली की गोठ्यातली म्हैस मान वर करायची.

आई गेल्यावर आतून विचारायचं काम मुलाकडं आलं. त्याला ते भारी आवडायचं. तो पदरचे प्रश्न घालायचा. "काय खाऊ आणलाय?" "पायाला चिखल लागलाय का?" बायको बाहेर हसून हसून तांब्यातलं पाणी सांडायची. मग मुलगा शिकायला पुण्याला गेला, तिथंच नोकरीला लागला, तिथंच लग्न झालं. मुलगी आम्हाला नाही. उरलो मी.

मी सोप्यात खाटेवर पेपर वाचत बसलेलो असायचो. पहिल्याच वर्षी बायको ओढ्यावरून आली, उंबऱ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "आवं, इचारा की."

"काय इचारू? मला दिसतंय की कोन आलंय ते."

"इचारायचं असतंय."

"म्हैस इकून तीन वर्सं झाली," मी म्हणालो, "पोरगं पुन्याला. आनि म्हनं गुराढोरांच्या आनि लेकराबाळांच्या पावलांनी. एवढं ढळढळीत खोटं देवाच्या तोंडावर कशाला बोलायचं?"

"देवाफुडं तरी काटा लावू नगासा," ती म्हणाली. मी पेपर उलटला.

मग तिनं स्वतःच विचारलं आणि स्वतःच सांगितलं. विचारताना आवाज जाड करायची, अगदी माझ्या आईसारखा, आणि उत्तर देताना आपल्या आवाजात. मला ते ऐकून हसू आलं. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मी त्याची नक्कल करून दाखवली. सगळे हसले. तिच्या कानावर ते गेलं असणारच, गावात काय लपून राहतं? ती काही बोलली नाही. एकदाच, गौरीच्या मागून शंकरोबा येतो त्या दिवशी, नैवेद्याचं ताट ठेवता ठेवता म्हणाली, "ह्यो बघा, देव असून बायकूला न्यायला सोता येतोय. तुमी कदी यष्टी स्टँडवर आलासा का मला न्यायला?" मी म्हणालो, "त्याला कारखान्याची पाळी नसती." मला वाटलं, काय झकास उत्तर दिलं.

अशी सात वर्षं गेली. सात वर्षं ती दोन आवाजांत बोलली आणि मी ऐकत पेपर वाचला.

शेवटच्या वर्षी तिला दम लागत होता. ओढ्याचा चढ चढून आली ती दाराच्या चौकटीला टेकली. "कोन आलंय" जाड आवाजात निघेना, नुसता श्वास निघाला. तरी तिनं चारही वेळा विचारलं आणि चारही वेळा सांगितलं. आता फक्त शेवटचं वाक्य राहिलं होतं, आतल्या माणसाचं. "ये बाई, घर तुझंच हाय." ती थांबली. माझ्याकडं बघत राहिली. मला कळलं होतं ती का थांबली ते. आज खोटं कशाला बोलू, मला चांगलं कळलं होतं. मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, "झालं असलं तर ये आत आनि च्या ठेव."

ती आत आली आणि तिनं चहा ठेवला.

आश्विनात तिला माजघरात खाट घालून दिली. दोन महिने ती तिथंच होती. भिंतीकडं उशी, पायाशी खिडकी, खिडकीतून मागच्या परड्यातली शेवग्याची फांदी. शेवटचे आठ दिवस कोल्हापूरला दवाखान्यात काढले आणि मार्गशीर्षात ती गेली.

एकटेपणा म्हणजे काय असतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. माझं काही अडत नाही. भाकरी थापता येते, वाकडी का होईना. कपडे धुतो, पेपर येतो, पेन्शन येते. फक्त घरात मला कुणी काही विचारत नाही. "कुटं निगालासा?" "जेवलासा का?" "कुनाचा फोन हुता?" "एवढा वेळ कुटं हुतासा?" आयुष्यभर मी या चौकशीला वैतागलो. ही बाई पोलिसात जायची ती चुकून माझ्या घरी आली, असं म्हणायचो. आता संध्याकाळी कुलूप काढून आत पाय टाकतो, मुद्दाम चपला आपटतो, आणि आतून कुणी विचारत नाही कोण आलंय म्हणून. पहिले काही महिने तर मीच खोकायचो. कशासाठी, कुणास ठाऊक.

ती गेली त्या वर्षी सण धरले नाहीत. वर्षश्राद्ध होईपर्यंत धरत नाहीत. त्यामुळं पहिला भाद्रपद गणपती नाही, गौर नाही, असा कोरडाच गेला. यंदा मात्र मुलगा आणि सून येणार होते. सून गौर आणणार, मी आतून विचारणार, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला लाज वाटत होती.

आदल्या दिवशी मुलाचा फोन आला. "आप्पा, हिला सुट्टी मिळत नाहीये. माझंही अवघड दिसतंय. तुम्हीच या ना इकडं."

"आनि गौर?"

"एक वर्ष राहू दे. नाहीतर असं करू, पुढच्या वर्षापासून गौर इकडंच बसवू. तिथं आता आहे कोण, आप्पा?"

तो चुकीचं काही बोलला नाही. हिशेबानं त्याचंच बरोबर होतं. पण गौर पुण्याला गेली म्हणजे भाद्रपद पुण्याला गेला. त्याच्या मागून दसरा, दिवाळी जाणार. शेवटी एक दिवस मी जाणार आणि या दाराला कुलूप. त्याहीपेक्षा, मला एकदा, एकदाच, या दारात आतून विचारायचं होतं. ते काय पुण्याच्या चौथ्या मजल्यावर लिफ्टसमोर उभं राहून विचारू?

"गौर हितंच बसंल," मी म्हणालो.

"आणणार कोण?"

"मी."

"आप्पा, बायका आणतात."

"ठावं हाय मला," म्हणालो आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांब्या घासून लख्ख केला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि तीन वाजताच ओढ्यावर गेलो. बायका चारशिवाय येत नाहीत. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. अर्थात मी मुद्दामच लवकर गेलो होतो, कुणी बघायच्या आत काम उरकून परतावं म्हणून. भुरभुर पाऊस होता. तेरडा कमरेएवढा माजला होता, गुलाबी फुलांनी लगडलेला. मी चांगले पाच डहाळे निवडले, कटाकट मोडले, धुतले आणि तांब्यात उभे केले. मनात म्हटलं, यात एवढं काय होतं?

तेवढ्यात बायकांचा घोळका, पावसाच्या भीतीनं लवकर निघालेला, उतारावरून खाली आला. पुढं माझी चुलत वहिनी, बोळाच्या पलीकडं राहणारी. तिनं मला बघितलं, तांब्या बघितला, आणि डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "भावजी, तुमी? गौर न्यायला?"

"व्हय."

मागच्या पोरी खुसखुसल्या. वहिनीनं त्यांच्याकडं एकदाच बघितलं. त्या गप्प झाल्या. मग तिनं माझ्या तांब्यात वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"आवं भावजी, पायच तोडलासा की देवीचं!"

"म्हंजे?"

"मुळं कुटं हाईत? मुळं म्हंजी गौरीची पावलं. ही थोटी गौर चालत कशी यायची तुमच्या दारात?"

सदुसष्ट वर्षं मी या गावात राहिलो. दर वर्षी माझ्या घरात गौर आली. ती मुळासकट असते, हे मी कधी नीट बघितलं नव्हतं. काट्यावर ट्रॉलीच्या एका चाकाखाली दगड आला तर मला लांबून दिसायचा. घरात काय चाललंय ते दिसलं नाही. मी तिथंच चिखलात उभा राहिलो आणि मला माझी अशी लाज वाटली की काय सांगू.

"द्या, मी काढून देते," वहिनी म्हणाली.

"नको. कसं काढायचं तेवढं सांगा."

तिनं सांगितलं. बुडाशी धरायचं, हिसडा मारायचा नाही, माती सैल करून हळू वर घ्यायचं. मी गुडघे टेकले. पहिला तेरडा तुटला, दुसरा तुटला, तिसरा मुळांसकट वर आला. पाच काढले. ओढ्यात धुतले तेव्हा मुळांची माती सुटली आणि पांढरी, गुलाबी, बारीक बोटांसारखी मुळं वर आली. बायका माझ्यासाठी थांबल्या होत्या. कुणी हसलं नाही.

परत येताना वहिनी म्हणाली, "आमची गौर आत घेतो आनि मी तुमच्यात येते. आतनं मी इचारते, तुमी भायेरनं सांगा. तवर दारात थांबा."

"नको वैनी. आतनं मलाच इचारायचंय."

"आनि भायेर कोन?"

"बगतो," मी म्हणालो. खरं तर मला काही सुचलेलं नव्हतं.

दारात आलो, कुलूप काढून दार उघडलं. आत अंधार. चपला काढल्या आणि सवयीनं थांबलो. काय गंमत आहे बघा, मी थांबलो ते आतून कुणी विचारेल म्हणून. थोडा वेळ खरंच वाट बघितली. मग उंबऱ्याबाहेर पाट मांडला, त्यावर तांब्या ठेवला. गौरीच्या आधी आपण पुढच्या दारानं आत जायचं नाही, एवढं मला माहीत होतं. म्हणून मी बोळातून वळसा घातला, परड्यात गेलो, मागच्या दारानं आत शिरलो, स्वयंपाकघर, माजघर ओलांडून सोप्यात आलो आणि दाराकडं तोंड करून उभा राहिलो. बाहेर पाटावर तेरडा वाऱ्यानं हलत होता.

"कोन आलंय?" मी विचारलं.

ते उंबऱ्यापर्यंतही पोचलं नसेल. पुन्हा विचारलं, मोठ्यानं. मग मागच्या दारानं बाहेर पडलो, परडं, बोळ, आणि पुढं येऊन तांब्यामागं उभा राहून सांगितलं, "गौर आली."

पुन्हा बोळ, परडं, स्वयंपाकघर, माजघर, सोपा. "कशाच्या पावलांनी आली?" पुन्हा बाहेर. "गुराढोरांच्या पावलांनी आली." तुम्ही म्हणाल, एका जागी उभं राहून दोन्ही बोलायचं की, तिच्यासारखं. मला ते नको होतं. ती सात वर्षं एका जागी उभी राहून दोन्ही बोलली, कारण आत बसलेलं माणूस बोलत नव्हतं. आता आतल्या माणसानं आतूनच बोलायला हवं होतं. गुडघा ठणकत होता. बोळात शेवाळावरून एकदा पाय सरकला, भिंतीला हात धरून वाचलो.

दुसऱ्या फेरीला सोप्यात येतोय तर वहिनीची शेळी पाटापाशी आणि गौरीचा शेंडा तिच्या तोंडात! मी आतूनच ओरडलो, "हाड्! हाड्, तुज्या आयला!" गौरीला इतकं सुंदर स्वागत गावात दुसऱ्या कुणी केलं नसेल. वहिनी धावत आली, शेळीचं दावं धरलं आणि बोळाच्या तोंडाशी तिला ओढून उभी राहिली. मला म्हातारपणी काय झालंय, ते तिला एव्हाना कळलं होतं. मी तिच्यासमोरून दर खेपेला धापा टाकत जात होतो, येत होतो, आणि ती दर खेपेला शेळी बाजूला घेऊन मला वाट करून देत होती.

"धनधान्याच्या पावलांनी आली."

"लेकराबाळांच्या पावलांनी आली." हे म्हणताना मला वाटलं होतं, जीभ अडखळेल. अडखळली नाही. उलट मी ते इतक्या मोठ्यानं म्हणालो की पुण्याला ऐकू जावं. आणि तेव्हा, कमरेवर हात ठेवून धापा टाकताना, मला कळलं की माझी बायको खोटं बोलत नव्हती. ती मागत होती. गुरं नाहीत म्हणून गुरं मागायची, पोरगं लांब म्हणून पोराची पावलं मागायची. आणि मी बसलो होतो तिचं वजन तपासत.

"हळदीकुंकवाच्या पावलांनी आली."

मग शेवटचा वळसा. सोप्यात येऊन उभा राहिलो. ज्या खाटेवर बसून मी पेपर वाचायचो ती खाट शेजारीच होती. मी दाराबाहेर बघितलं आणि म्हणालो, "ये बाई, घर तुझंच हाय."

म्हणालो ते गौरीला. पण म्हणताना डोळ्यांसमोर कोण होतं, हे सांगायला नको. चौकटीला टेकून, श्वास धरून, माझ्याकडं बघणारी. एवढी पाच शब्दांची गोष्ट होती. पेपर खाली ठेवायचा आणि म्हणायचं. मी सोप्यात उभ्या उभ्या रडलो. बाहेर वहिनीनं तोंड फिरवलं आणि शेळीला उगाचच दोन शिव्या दिल्या.

बोलावणारा आत होता आणि आणणारं बाहेर कुणी नव्हतं. म्हणून पुन्हा एकदा मागच्या दारानं बाहेर पडलो, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, मुळांवर पाणी घातलं आणि तांब्या उचलून पुढच्या दारानं गौर आत घेतली.

मग तिला घर दाखवलं. सोप्यात थांबून विचारलं, "हितं काय हाय?" आणि सांगितलं, "भरलंय." धान्याच्या खोलीत जोंधळ्याचं एक अर्धं पोतं होतं. "भरलंय." गोठ्यात एक गंजलेली सायकल आणि फुटका औषधाचा पंप. "भरलंय." स्वयंपाकघरात फळीवर पालथी घातलेली भांडी, मी वापरतो ती दोनच. "भरलंय." एकतीस वर्षांत एक आकडा खोटा न लिहिलेला माणूस मी, चार खोल्यांत चार वेळा बेधडक बोललो. आता मला त्यात काही खोटं वाटत नव्हतं.

शेवटी माजघर. खाट तशीच होती. भिंतीकडं उशी, घडी घातलेली वाकळ. तिथं मी झोपत नाही, काही ठेवत नाही, रात्री पाणी प्यायला जाताना दिवाही लावत नाही. पावणेदोन वर्षं मी त्या खोलीतून नुसता पलीकडं जातो. आजही पाच-सहा वेळा तिथून ये-जा केली होती, खाटेकडं न बघता.

"हितं काय हाय?" मी विचारलं.

भरलंय म्हणायला तोंड उघडलं. तांब्या हातात जड झाला होता. गौरीच्या खाल्लेल्या शेंड्यावरून पाणी टपकत होतं.

"रिकामं हाय," मी म्हणालो.

असं कुणी म्हणत नाही. गौरीला असं सांगत नाहीत. पण मी ते म्हणालो आणि काट्यावरचा माणूस म्हणून मला ठाऊक होतं की हे वजन घ्यायचंच राहिलं होतं. ती होती तोवर घर भरलेलं होतं, आणि भरलेलं वजन रोज डोळ्यांसमोर असूनही त्यात तिचं किती, ते मला कधी कळलं नाही. ते आता कळलं.

तांब्या खाली ठेवला. खाट उचलून भिंतीला उभी केली, जागा झाडून घेतली, पाट मांडला आणि गौर तिथंच बसवली. बायकोनं घेऊन ठेवलेली आणि कधी न नेसलेली एक हिरवी साडी होती, ती तेरड्याला गुंडाळली. नेसवली म्हणायची सोय नाही.

दिवेलागणीला वहिनी शेपूची भाजी आणि भाकरी घेऊन आली. साडीकडं बघून हसली, खाली बसली आणि निऱ्या नीट करू लागली.

"भावजी, गौर सोप्यात बसवत्यात. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसाय पायजे."

"असू दे वैनी," मी म्हणालो. "जागा हितं हुती."